कळकलेलं पाणी

त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती. सुनेनं नमुने आणून मांडले होते. पाईपला वळण देणारे एल्बो, तीन तोंडांचे टी, आणि कडेनं भोकं पाडलेल्या जाडजूड चकत्या, ज्यांना फ्लँज म्हणतात. सगळे ॲल्युमिनियमचे आणि दिसायला सख्खी भावंडं. मी मीठ मागितलं की बायको एक फ्लँज पुढे सरकवायची आणि म्हणायची, "घ्या, यातच काय ते भागवा."

सून पाईपांची इंजिनिअर आहे. भर समुद्रात लोखंडी खांबांवर जे फलाट उभे करतात, त्यांच्यासाठी पाईपांची जाळी बनवणाऱ्या यार्डात ती काम करते. या खेपेला पहिल्यांदाच एका फलाटावरच्या पाण्याच्या लाइनीची फिटिंग्ज निवडायचं काम तिच्या एकटीवर पडलं होतं. तिचे साहेब म्हणाले होते, "तू ठरव, मी सही करतो." या वाक्यात विश्वास किती आणि अंग काढून घेणं किती, हे तिला कळेना, आणि विचारलं तर मलाही सांगता आलं नाही. गुरुवारी निवड पक्की व्हायची होती. मग धातू कापला जाणार, जोडला जाणार, बोटीवर चढणार आणि अशा जागी पोहोचणार, जिथे एल्बो गळायला लागला तर कोपऱ्यावरच्या प्लंबरला हाक मारता येत नाही. ती जेवताना मधेच थांबायची आणि एखादा टी उचलून उन्हाकडे धरून बघायची. मुलगा फिरतीवर असल्यामुळे तिची काळजी आमच्या दोघांच्या वाट्याला आली होती.

मी आयुष्यभर यंत्रांची माहितीपत्रकं आपल्या भाषेत आणली. यंत्र मात्र एकही चालवलं नाही. सायकलची चेन पडली तरी मी तिच्याकडे आदरानं बघत उभा राहतो. अशा माणसाला सुनेनं सांगितलं, की यार्डातल्या फिटर लोकांसाठी या निवडीची कारणं सोप्या भाषेत दोन पानांत लिहून द्या, आणि गुरुवारी सगळ्यांसमोर वाचूनही दाखवा.

"मी वाचलं तर त्यांना हुकूम वाटतो, बाबा. तुम्ही वाचलंत तर गोष्ट वाटेल."

चार माणसांसमोर बोलायची मला भीती वाटते. तरी मी 'बरं' म्हणालो. नाही म्हणायचं तर जास्त बोलावं लागलं असतं.

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'ॲल्युमिनियम गंजत नाही' असं लिहिलं होतं. सुनेनं खांद्यावरून वाचलं.

"हेच तर यार्डात सगळे म्हणतात. आणि मग हाताला लागेल ते ॲल्युमिनियम बसवतात."

"पण खोटं कुठे आहे?"

"खोटं नाही म्हणून तर घात होतो."

मग तिनं समजावलं. गंज लोखंडाला चढतो. तांबूस असतो, दुरून दिसतो. ॲल्युमिनियमच्या अंगावर आपोआप एक पातळ साय धरते आणि तीच त्याला सांभाळते. पण खाऱ्या पाण्यात ती साय एखाद्या ठिकाणी फाटली की टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडतो आणि तो आतल्या आत खोल जात राहतो. वरून चकचकीत, आतून चाळण. मी ओळ बदलली: 'ॲल्युमिनियम गंजत नाही, पोखरलं जातं.' 'पोखरलं' हा शब्द मला तेव्हाही थोडा किड्यामुंग्यांचा वाटला होता.

पुढचं मात्र सरळ गेलं. ज्या ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळलेलं असतं ते कडक असतं, पण समुद्रात टिकत नाही. मॅग्नेशियम मिसळलेलं टिकतं, म्हणून तेच घ्यायचं. आणि जिथे ॲल्युमिनियमला तांब्याचा किंवा स्टीलचा भाग जोडायचा, तिथे मध्ये रबरी गास्केट, बोल्टला प्लास्टिकची नळी आणि डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर. कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला गरीब असतो तो झिजतो, आणि या घरात गरीब म्हणजे ॲल्युमिनियम.

"मुलगी सासरी पाठवतानाही असा एखादा वॉशर द्यायला हवा," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"मला मिळाला की, आई," सून म्हणाली. "बाबा."

दोघी हसल्या. मीही हसलो, कारण वॉशरला दुसरं काय करता येतं?

बुधवारी दुपारी सून यार्डात होती. बायकोनं लिंबाचं सरबत केलं होतं आणि ते तांब्याच्या जगात होतं. हा जग सुनेनं महिन्यापूर्वी एका प्रदर्शनातून हौसेनं आणला होता. फार देखणी वस्तू. मी काचेचा पेला घेतला, जग तिरपा करून पेला भरला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"अहो, ते पिऊ नका! कळकलंय ते."

"मग त्यात करतेस कशाला?"

"तिनं हौसेनं आणलाय. सकाळी ती निघायच्या आत त्यात भरून ठेवते, तिला बरं वाटतं. ती गेली की लिंबाच्या कुंडीत ओतते. आज राहिलं."

"आणि तिनंच प्यायलं तर?"

"तिला आंबट चालत नाही. आतून कल्हई नाही हो त्याला, शोभेचा आहे. या जगात काही टिकत नाही." स्वतःच्याच विनोदावर ती हसली. मग बोट उगारून म्हणाली, "तिला सांगायचं नाही हं. शपथ आहे माझी."

मी पेल्याकडे बघत होतो. "पण मी काचेतून प्यायलो."

"पेला काचेचा असला म्हणून काय झालं? सरबत आलं कुठून?"

मी पानांकडे परत गेलो. समोर माझंच वाक्य होतं: 'तांब्याचा ॲल्युमिनियमला कुठेही स्पर्श होता कामा नये.' पेन हातातच राहिलं. जग आणि पेला एकमेकांना टेकले नव्हते.

सुनेनं लाइनीचा रस्ता मला किती तरी वेळा सांगितला होता. पंप समुद्राचं पाणी वर आणतो. ते आधी कूलरमधून जातं आणि यंत्रांना थंड करतं. मग तेच पाणी ॲल्युमिनियमच्या पाईपांतून डेक, म्हणजे फलाटाची जमीन, धुवायला जातं. कूलरच्या आतल्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या होत्या.

पण समुद्राचं पाणी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ती इतकी वर्षं शिकली, तिच्या साहेबांनी नकाशा पाहिला, आणि मी स्वयंपाकघरातल्या एका शब्दावरून शंका काढणार? कोश उघडला. कळकणे: तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ बिघडणे. कोशात स्वयंपाकघर होतं, समुद्र नव्हता. मी कोश मिटला.

संध्याकाळी सून आली ती खुशीत. "बाबा, सगळे जोड दोनदा तपासले. तांबं आणि ॲल्युमिनियम कुठेही टेकत नाहीत."

विचारायची वेळ हीच होती. विचारलं तर जगाची गोष्ट निघणार. जगाची निघाली तर शपथ मोडणार. आणि एवढं करून माझी शंका खुळी ठरली तर तिच्या आनंदावर पाणी, तेही कळकलेलं. मी तोंड उघडलं. बायकोनं भुवई उचलली.

"मीठ दे जरा," मी म्हणालो.

सुनेनं फ्लँज पुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी मी सुनेबरोबर यार्डात गेलो. मोठी शेड होती, पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते. ग्राइंडर बंद झाले आणि फिटर लोक आडव्या पाईपांवर रांगेनं बसले. साहेब खुर्चीत, हातात उघडं पेन. सून नकाशा टेबलावर पसरून उभी होती. अगदी पुढे त्यांचा फोरमन बसला होता. त्याला सगळे 'उलटा पाना' म्हणत, कारण काहीही सांगितलं तरी तो आधी विरुद्ध दिशेला फिरायचा.

मी वाचायला लागलो.

"काका, जरा मोठ्यानं," उलटा पाना म्हणाला. "मागच्या पाईपांना ऐकू जात नाहीये."

हशा झाला. त्यानं मला बरंच वाटलं. सायीचा भाग त्यांना आवडला. कुणी तरी विचारलं, साय जाड हवी की पातळ, तर दुसरा म्हणाला, तुला खायचीय का. मग मी त्या वाक्यापाशी आलो. 'तांब्याचा ॲल्युमिनियमला कुठेही...' आणि थांबलो.

"काय झालं, बाबा?"

"मला एक शब्द अडलाय."

"'स्पर्श' बरोबर आहे. पुढे वाचा."

"शब्दापायी काम खोळंबलं होय!" उलटा पाना म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. तरी शब्दाबद्दल बोलताना मला जरा कमी भीती वाटते. "म्हणजे असं, की न टेकताच लागलं तर त्याला काय म्हणायचं? समजा, पाणीच कळकलेलं असेल तर?"

"कळकलेलं म्हणजे?" सून म्हणाली.

आता शपथ कुठे ठेवणार होतो? "तू आणलेला जग आहे ना, तांब्याचा. त्यातलं सरबत मी काल काचेच्या पेल्यात ओतून प्यायलो. पेल्याला तांबं कुठे टेकलं नव्हतं. पण चव तांब्याचीच होती." मग घाईघाईनं म्हणालो, "आता समुद्राच्या पाण्याचं मला माहीत नाही. मी आपला शब्द विचारतोय."

कुणी हसलं नाही. सून नकाशावर वाकली. तिचं बोट पंपापासून निघालं, कूलरमध्ये शिरलं आणि पलीकडे ॲल्युमिनियमच्या रेघेवर येऊन थांबलं.

"कूलरच्या नळ्यांतून थोडं थोडं तांबं पाण्यात उतरतं," ती हळू म्हणाली, बहुतेक स्वतःलाच. "आणि पुढे जाऊन ॲल्युमिनियमवर बसतं. जिथे कण बसला, तिथे दोन धातू टेकले. तिथेच खड्डा. आणि पाण्यात वॉशर कुठे घालणार?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे मला येत होतं, बाबा. परीक्षेत लिहिलंय मी हे. पण मी फक्त जोड तपासत बसले."

साहेबांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. "मग? फिटिंग्ज बदलायची?"

"फिटिंग्ज हीच राहतील. वाट बदलायची." ती सरळ उभी राहिली. "डेकचा फाटा कूलरच्या आधीच काढायचा. पंप स्टीलचा आहे, तिथून पाणी सरळ ॲल्युमिनियममध्ये. कूलरमधून आलेलं पाणी परत समुद्रात."

"जमणार नाही," उलटा पाना म्हणाला. मग उठून नकाशापाशी गेला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जमेल. पण वळण येतंय. एक एल्बो जास्त लागेल."

"आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे एक," मी म्हणालो.

माझ्या बोलण्यावर शेडभर हसणं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारपर्यंत नकाशा दुरुस्त झाला आणि साहेबांनी सही केली. सही करताना त्यांनी सुनेला दोन-तीन खोचक प्रश्न विचारले. तिनं न अडखळता उत्तरं दिली, म्हणून तेही जरा सैल झाले. माझ्या पानावर उलट्या पान्यानं स्वतः सुचवलेली ओळ आली: 'ॲल्युमिनियमला तांबं टेकवू नये, आणि तांब्यातून आलेलं पाणी पाजूही नये.' 'पाजू' हा शब्द मला सुचला नसता.

घरी येताना सुनेनं जगाची सगळी गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. वळणावर आल्यावर म्हणाली, "म्हणजे महिनाभर आई माझ्या जगातलं सरबत कुंडीत ओततायत?"

"रोज नाही," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही आणि खरंही नीट येत नाही.

दार उघडल्यावर बायकोनं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "सांगितलंत."

"कामासाठी सांगावं लागलं गं."

"आई," सून चपला काढत म्हणाली, "जगाला कल्हई लावून आणते उद्या."

"काही नको. त्यात फुलं ठेवू आपण." बायको जग घेऊन आत गेली आणि आतून म्हणाली, "मी म्हणत होतेच, लिंबाचं झाड का रुसलंय. आता धरेल."

संध्याकाळी टेबल मोकळं झालं. नमुने परत गेले, एक एल्बो तेवढा सुनेनं माझ्या कागदांवर वजन म्हणून ठेवला. आम्ही तिघं जेवलो. मी मीठ मागितलं आणि मला मीठच मिळालं. नंतर ती दोन पानं परत एकदा वाचली. बरी झालीत. 'पोखरलं' मात्र अजून खटकतंय.