माझ्या सहीच्या चिठ्ठ्या

बाळाला पाजायला घेतलं आणि हात आखडला. स्तनाला चीर पडली होती, तिच्यावर रक्ताचा ठिपका. पूर्वी सहज पुसला असता. आता माझ्याच रक्ताची मला शिसारी येते. बाळाला दुसरीकडे घेतलं. ते बिचारं लगेच चुटुचुटु प्यायला लागलं, जणू आई कुठल्याही बाजूने आईच.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, म्हणून मला रक्ताची एक पिशवी चढवली होती. दोन महिन्यांनी डोळे पिवळे झाले.

"विषाणूची कावीळ. त्या पिशवीतूनच आलेली दिसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाळाचा रिपोर्ट स्वच्छ आहे. पण चीर भरेपर्यंत त्या बाजूने पाजू नका."

बाळंतपण झालं त्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी तपासनीस. बाळाला छातीशी बांधलं आणि थेट तिथे गेले. फ्रिज उघडला, तर पिशव्यांना टेकून आमच्या प्रमुखांचा, मोठ्या बाईंचा, जेवणाचा डबा.

फाइलमध्ये माझ्या पिशवीच्या चिठ्ठीची प्रत सापडली. 'तपासले, निर्दोष.' खाली लांब शेपटीची सही. माझीच! तारीख मात्र मी कळा देत होते त्या दिवसाची.

रजेवर जाताना मोठ्या बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला होता. "सह्या करून ठेव गं, काम अडायला नको." पोटावर एक हात ठेवून, हसत हसत मी सगळ्यांवर सह्या केल्या होत्या.

मी ती प्रत बाईंपुढे धरली. "तपासणीचं सामान दोन दिवस आलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या चिठ्ठ्यांनी निभावलं बघ."

जणू आभारच मानत होत्या.

"न तपासता किती दिल्या?"

"नऊ. अगं, ओली बाळंतीण तू, कशाला डोक्याला ताप? पोर ठणठणीत आहे ना? मग झाकली मूठ. चौकशी लागली तर सही कुणाची निघेल?"

"माझी."

"मग? स्वतःच्याच पायावर धोंडा?"

तोंडात कडू पाणी आलं. बेसिनवर थुंकले, चूळ भरली, तरी गेलं नाही. मग पिशव्या दिल्याच्या नोंदींची वही ओढून घेतली. माझ्याखेरीज आठ नावं. पहिलंच एका सहा वर्षांच्या मुलीचं, पुढे तिच्या आईचा नंबर. मी तो लावला.

"फोन ठेव," बाई म्हणाल्या.

बाळ हलकंच कुरकुरलं. मी त्याची पाठ थोपटत राहिले. पलीकडून "हॅलो" आलं.

"मी रक्तपेढीतून बोलतेय," मी म्हटलं, आणि सहीतलं पूर्ण नाव सांगितलं.