आक्काबाई माघारी आली

पोस्टात काम करायचं म्हणजे टपाल कमी आणि प्रश्न जास्त. आधार आलं का? एटीएमचं कार्ड कुठं अडकलं? शनिवारी पोस्ट चालू असतं का? शेजारणीचं पाकीट माझ्याकडं द्या ना, मी देते तिला. नाही देता येत म्हटलं की मी शिष्ट! एक बाबा तर म्हणाले, बाई, कोर्टाची नोटीस तेवढी नका आणू, बाकी काहीबी आणा. असल्या लोकांना उत्तरं देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.

मी रतन. शनिशिंगणापूरच्या बाजूला आमची वस्ती आहे, तिथलं शाखा पोस्ट माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. पोस्टमास्तर मीच, पोस्टमनही मीच, झाडू मारणारीही मीच. सोनईहून थैली येते, ती फोडायची, शिक्के मारायचे आणि स्कूटीवर वाटायला निघायचं.

त्या दिवशी थैलीतून कापडात शिवलेला एक डबा निघाला. वर लाल पेनाने 'अस्थी' लिहिलेलं. खाली काशीच्या कुणा गुरुजींचा पत्ता, आणि त्यावर शेरा, 'या पत्त्यावर राहत नाहीत, पाठवणाऱ्यास परत.' पाठवणारा आमच्याच वस्तीवरचा सुनील, मला कळू नये म्हणून परस्पर सोनईहून टाकलेलं असणार. म्हणजे डब्यात त्याची आई होती, आक्काबाई. मी डबा टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसले. का पुसले, देव जाणे.

आक्काबाई दिवाळीनंतर गेली. चालतीफिरती होती तोवर रोज दुपारी आपल्या घराच्या ओट्यावर बसून मला अडवायची. "माझं काय आलं का गं?" तिला लिहिणारं जगात कोणी नव्हतं. एकुलता एक मुलगा घरातच, माहेर केव्हाच संपलेलं. मी म्हणायचे, "आक्का, तुला कोन लिवनार हाय?" ती म्हणायची, "तू बघ तर खरी." मग मी उगाच पाकिटं चाळायचे आणि नाही म्हणायचे. तेवढ्यावर बाई खूश असायची.

सुनीलचं दुकान देवळाच्या रस्त्यावर. तेल, रुईच्या पानांचे हार, काळं कापड. गर्दी जरा ओसरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"सुनील, तुझं पार्सल माघारी आलंय."

"कुठलं?"

"काशीचं."

त्याच्या हातातली तेलाची बाटली हातातच राहिली. "काकू, ते घेता येनार न्हाई. सोडलेली अस्थी परत घरात घेत न्हाईत."

"सोडली कुठं? पोस्टात टाकली तू."

"तेच की. घरातनं गेली ती गेली." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "ती रागावून आलीय, काकू. मी सोता न्यायला पायजे हुतं. आता तिच्यापुढं कसा जाऊ मी?"

त्याला खरंच भीती वाटत होती. मला कीव आली, आणि रागही आला. प्रवरासंगम इथून स्कूटीवर तासाभराचं. आमच्याकडची सगळी माणसं अस्थी घेऊन तिथंच जातात. हा पठ्ठ्या मोबाईलवर कुणा गुरुजींचा पत्ता बघून आईला काशीला सोडायला निघाला, तोही दुकानात बसून! पण घेत नाही म्हटल्यावर करायचं काय? डबा मी परत घरी आणला. अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, हे मलाही कळतं. पण सरकारी टपाल झाडाला टांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिक्के मारत बसले होते. मागून आवाज आला, "माझं काय आलं का गं?"

मी मान वर न करता म्हटलं, "न्हाई, आक्का." आणि मग कळलं, मी कोणाला उत्तर दिलं ते. वळून बघितलं तर उंबऱ्यात नुसतं ऊन. दार असतं तर लावून घेतलं असतं. पण आमच्याकडे घरांना दारं नसतात, उंबरा ओलांडला की माणूस सरळ आत. चोर यायला घाबरतो म्हणतात. मेलेलं माणूस कशाला घाबरेल?

मी कोणाला काही बोलले नाही. वय झालं, ऊन लागलं, अशी माझीच समजूत घातली. पण पुढच्या दुपारी माझी सून निकिता स्वयंपाकघरातून पोटावर हात धरून बाहेर आली. तिला सातवा महिना.

"आई, बाहेर म्हातारी कोन आलीय? सारखी विचारतीय, काय आलं का, काय आलं का."

निकिता लग्न होऊन आली तेव्हा आक्काबाई अंथरुणाला खिळलेली होती. पोरीने तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, "कोन न्हाई गं, रेडिओ असंल." तिने टेबलावरच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला जामखेडला माहेरी सोडा. मी न्हाई ऱ्हायची या घरात." रात्रभर पोर रडत होती, आणि मी तिच्या उशाशी बसून होते. त्या बाळाला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?

मी सोनईच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "आठवडाभर ठेवा. पाठवणारा घेतच नसेल तर 'घेण्यास नकार' लिहून थैलीत टाका. बेवारस टपालाच्या ऑफिसात जाईल."

"तिथं काय करतात?"

"उघडून बघतात."

"आणि मग?"

"मग काय, रतनबाई, राखेचं कोण काय करणार? टाकून देत असतील."

आठवडा शनिवारी संपत होता. म्हणजे सोमवारच्या थैलीत आक्काबाई जाणार, आणि कुठल्यातरी ऑफिसातल्या कचऱ्याच्या टोपलीत पडणार. नाहीतर माझ्या घरात राहणार. तिसरं काही मला दिसत नव्हतं.

शनिवारी सकाळी डबा स्कूटीच्या पुढे ठेवला आणि तडक सुनीलचं दुकान गाठलं. भाविकांची ही गर्दी! मी सगळ्यांसमोर डबा गल्ल्यावर ठेवला आणि पेन पुढे केलं.

"लिही."

"काय लिवू?"

"'आईला घेण्यास नकार.' खाली सही कर. मी न्हाई लिवनार ते."

सुनीलने पेन घेतलं, कागदावर टेकवलं, आणि तसंच परत माझ्या हातात दिलं. "तुमीच लिवा काय लिवायचं ते, काकू. गिऱ्हाईक खोळंबलंय." तोंड फिरवून तो तेल ओतायला लागला. बाटलीबाहेरच जास्त सांडत होतं.

शिव्या देत, डोळे पुसत मी वस्तीकडे निघाले. सुनीलच्या घरावरून जाताना त्याची बायको रेश्मा ओट्यावर आली आणि तिने हात करून मला थांबवलं. ही आणि आक्काबाई रोज भांडायच्या. मिठावरून, पाण्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून. दोघींची भांडणं ऐकून आम्ही हसायचो.

"काकू, आत्या हाय ना त्यात?"

"सुनीलनं सांगितलं?"

"ते काय सांगत्यात! मलाच कळलं. आठवडा झाला, दुपारी ती हितं ओट्यावर बसून तुमच्या गाडीची वाट बघतीय. मी आतनं वरडते, आत्या, ऊन लागंल, आत या. वरडून झालं की ध्यानात येतं." तिने पदराने तोंड दाबलं. मग म्हणाली, "माझी सही चालंल का?"

"पाठवनाऱ्याच्या घरातलं कोनबी मोठं मानूस चालतं."

तिने माझ्या मोबाईलवर बोटाने सही केली. डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. "घरात न्हाई नेत. चला, आत्ताच्या आत्ता." मीही वेळ घालवला नाही. बाकीचं टपाल जाईल मागून.

रेश्मा मागे बसली, डबा मांडीवर. मी कधी कोणाला डबलसीट नेलं नाही असं नाही. पण त्या दिवशी चढाला स्कूटी तिघी बसल्यासारखी कण्हत होती.

संगमावर गुरुजींनी विचारलं, "पुरुष माणूस नाही का कोणी सोबत?"

"न्हाई," रेश्मा म्हणाली. "मीच हाय."

त्यांनी मंत्र म्हटले. रेश्मा गुडघाभर पाण्यात उतरली आणि डबा रिकामा केला. ते धरणाचं मागचं पाणी, दुपारचं अजिबात हलत नव्हतं. हाडं बुडाली, राख तेवढी वर राहिली. ती पुढे जाईना. रेश्माच्या पायांभोवतीच फिरायला लागली, निऱ्यांना चिकटली. रेश्माने हाताने पाणी ढकललं. राख जरा लांब गेली आणि परत आली.

"जा की आता!" रेश्मा ओरडली, अगदी भांडणातल्या आवाजात. घाटावरची माणसं बघायला लागली. "जा म्हनते ना! हागनं-मुतनं काढलं तुमचं, सगळं केलं, आता तरी सोडा की मला!" आणि तिचा आवाज फुटला. "काकू, ही जात न्हाई ओ."

मी चपला काढल्या आणि साडीसकट पाण्यात उतरले. तिच्या शेजारी उभी राहून दोन्ही हातांनी पाणी लोटायला लागले. मलाही भीती वाटत होती. ही गेली नाही तर परत माझ्याच उंबऱ्यात येणार, आणि तिथं निकिता एकटी होती.

रेश्माने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. ढकलू नका तिला. लेकानं ढकललं, मी ढकललं, लई झालं." मग ती खाली वाकून राखेशी बोलायला लागली, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात. "बसा, आत्या. घाई न्हाई. मी हाय हितं."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. उन्हं उतरली, गुरुजी घरी गेले. रेश्माचा फोन दोनदा वाजला, सुनीलचा असावा, तिने बघितलाही नाही. निऱ्यांवरची राख कधी सुटली आणि कुठं गेली ते मला दिसलंच नाही. मी म्हटलं, "रेश्मा, गेली गं ती. चल."

ती हलली नाही. पाण्याकडे बघत तेच म्हणत राहिली, "मी हाय, आत्या. मी हाय."