चौकड्याचा सांधा

मुकादम एमॉसने ताटली डॉर्कसच्या नाकासमोर धरली. "हा सांधा बघ. रेघ इथून निघाली ती तिथं पोचलीच नाही. आणखी एक अशी निघू दे, शनिवारपासून घरीच बस."

"तुझा चौकडा दारू पिऊन आलाय गं!" शेजारून केझिया म्हणाली. बाया खो खो हसल्या. डॉर्कसही हसली.

इंग्लंडातल्या बर्स्लेमच्या त्या चिनीमातीच्या कारखान्यात शाईने छापलेला पातळ कागद कोऱ्या ताटलीवर बसवायचा, ब्रशने घासायचा, मग हौदात धुवायचा. कागद जातो, नक्षी राहते. फुलापानांत चूक लपते, पण स्कॉटिश कापडासारख्या चौकड्यात कागदाची टोकं मिळतात तिथं, सांध्यावर, रेघेला रेघ भिडावीच लागते. केझियाचा सांधा असा, की एकदा मालक भिंग घेऊन तो शोधायला बसले ते दाढी वाढेपर्यंत उठले नाहीत. शेवटी सापडली ती भिंगाचीच चीर. ताटलीच्या बुडाशी तिची खूण असे, एक तारा. अडतीस वर्षांत त्या ताऱ्याला कुणी नावं ठेवली नव्हती. दोघींच्या खुणा बसवायचं काम मात्र डॉर्कसच करी.

गुरुवारी डॉर्कस आत्याच्या मयतीला गेली. केझियाने आपल्या खुणा आपणच बसवल्या. दुपारी एमॉस सहा ताटल्या घेऊन आला. सगळ्या वाकड्या, सगळ्यांखाली तारा.

"डॉर्कसच्या असतील मेल्या."

"डॉर्कस कुठाय आज, केझियाबाई?"

केझियाने ताटली खिडकीशी नेली. एकेका रेघेच्या दोन-दोन दिसत होत्या. वर्षभर ती धूसर दिसतं म्हणून खिडक्या पुसणाऱ्याला शिव्या घालत होती.

शुक्रवारी डॉर्कस दारात दिसताच केझियाने तिचा दंड धरला. "माझ्या वाकड्या तुझ्या नावावर, आणि तुझ्या चांगल्या माझ्या? वर्षभर?"

"मला बोलणी खायची सवय आहे, मावशी. तुम्हाला कुठाय?"

"गाढवे!" केझिया म्हणाली. मग सगळ्यांदेखत ती एमॉससमोर उभी राहिली. "वर्षभरातल्या वाकड्या माझ्या. हिला घालवू नकोस."

सोमवारी केझिया ताटल्या धुणाऱ्या नव्या पोरींच्या रांगेत, कोपरापर्यंत गार पाण्यात हात घालून हौदाशी उभी होती. डॉर्कस आपली पहिली ताटली स्वतः घेऊन आली. कागद सुटून वर तरंगला.

"जुळला का हो, मावशी?"

ब्रश थांबले. केझियाने ताटली उजेडात धरून सावकाश, पूर्ण फिरवली. तिला नुसता निळा ढग दिसत होता.

"जुळला," ती म्हणाली, आणि पुढच्या ताटलीसाठी हात पुढे केला.