सुंदराबाईची शेगडी

आमच्या इमारतीचं नाव सूर्यदर्शन. नेरळमध्ये जिथे ऊन म्हणून येत नाही, नेमकी तिथे बिल्डरने ती उभी केली आणि वर हे नाव ठेवलं. माणसाला थोडी तरी लाज असावी. जुलै लागला की पश्चिमेच्या भिंतींना ओल येते, मागोमाग काळी बुरशी चढते. पुसा, रंग मारा, आठवड्याने पुन्हा हजर.

आमच्या समोरच्या दारात हिरामण आणि छाया राहतात. हिरामण साजगावच्या कारखान्यात आहे. त्यांचा रुद्र ऐन पावसात जन्मला आणि बाळंतपण करायला हिरामणची आई सुंदराबाई कडावहून आली. मला ती आवडायची. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "तस्लीम, तुज्या डालीला फोडणी कमी पडते गं." आणि स्वतः फोडणी देऊन गेली.

त्याच दिवशी तिने बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला मेणकापड ठोकलं. कडावला पावसाआधी घरोघर हेच करतात, झड आत येऊ नये म्हणून. तिथे ते चालतं, कौलांच्या फटींतून वारा खेळत असतो. इथे वर स्लॅब, खाली स्लॅब. खोली डब्यासारखी बंद झाली. खाटेखाली शेकाला कोळशाची शेगडी असायची. पण तेव्हा दार उघडं असे, बायकांची ये-जा असे. शेगडी ती आधी गॅलरीत पेटवायची आणि धूर पार निघून गेल्यावरच आत आणायची. "धूर नाय ना, मंग काय बी नाय," म्हणायची.

सव्वा महिना सरला, शेगडी थांबली, मेणकापड मात्र राहिलं. बुरशी पाळण्यापर्यंत उतरली आणि रुद्रच्या छातीत घरघर सुरू झाली. पोर दूध सोडून धापा टाकायचं. डॉक्टरांनी बजावलं, "भिंत कोरडी करा आणि खोलीत हवा येऊ द्या. नाहीतर हा जन्मभर दम्याने बेजार होईल." सुंदराबाईने भिंतीचं तेवढं मनावर घेतलं. हवेचं तिला पटेना. "एवढुश्या पोराला पावसालचं वारं? त्या डाक्तरला घरी पोरंबालं हायत का नाय?"

रोज सकाळी ती फडक्याने भिंत पुसायची. संध्याकाळी भिंत पुन्हा घामाघूम.

रुद्रला लसीच्या डोससाठी दवाखान्यात न्यायचं होतं, त्या सकाळी त्यांच्या घरातला आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. छायाने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

"आई, तुमच्या त्या कापडानेच माझं पोर गुदमरतंय! तुम्ही आलात आणि ही भिंत काळी झाली!"

थोड्या वेळाने हिरामण आणि छाया रुद्रला घेऊन खाली उतरले तेव्हा सुंदराबाई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "सावकास या रं. घाई करू नका."

पावसामुळे रिक्षा मिळेना, ते दुपार कलल्यावर परतले. हिरामणची हाक ऐकून मी बाहेर आले. खोलीचं दार आतून अडलं होतं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तिने फटीत गोणपाट कोंबलं होतं. हिरामणने खांदा लावून दार ढकललं. छायाने पोर माझ्या हातात दिलं आणि आत धावली.

पाळणा एका कोपऱ्यात सरकवलेला होता. मधोमध शेगडी, निखारे राखेने झाकलेले. धुराचा मागमूस नव्हता. सुंदराबाई भिंतीला टेकून बसली होती, हातात फडकं, चेहरा छान लालसर. मला वाटलं, डोळा लागलाय.

"आये," हिरामण म्हणाला. "आये, ऊठ गं." त्याने तिचा हात धरला आणि सोडून दिला. मग तो उठला आणि दोन्ही हातांनी मेणकापड फाडत सुटला.

इस्पितळात सांगितलं की कोळशाचा वायू होता, त्याला ना धूर असतो ना वास. बंद खोलीत माणूस बसल्या जागी झोपी जातो. मला संताप आला. तिच्यावर, बिल्डरवर, त्या डॉक्टरवर, कोणाकोणावर म्हणून सांगू?

संध्याकाळी छाया सुंदराबाईला नेसवायला लुगडं न्यायला इस्पितळातून घरी आली. रुद्र माझ्या कडेवर झोपला होता, त्याला घेऊन मी तिच्या मागोमाग त्या खोलीत गेले. लुगडं काढून ती वळली आणि आधी पाळणा असायचा त्या भिंतीपाशी थांबली. तिने तळहात टेकवला, जरा वर, मग खाली, अगदी कोपऱ्यापर्यंत. अख्ख्या पावसाळ्यात पहिल्यांदाच तो कोरडा निघाला.

"सुकली हो आई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "भिंत सुकली." आणि लुगडं तोंडात कोंबून मटकन खाली बसली.