पाय तुमचे, डोकं माझं

फुटबॉल क्लबातल्या खेळाडूंना मास्तरांचा एकच मंत्र पाठ होता : पाय तुमचे, डोकं माझं. सव्वीस वर्षं त्यांनी रेषेबाहेर उभं राहून घसा फोडून संघ खेळवला. कुणी कुठं धावायचं, पास कुणाला द्यायचा, सगळं त्यांच्या तोंडून. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा संघ लेकीच्या हाती आला आणि मास्तर बाकावर बसू लागले.

लेक सामन्यात हाताची घडी घालून गप्प उभी राहायची. मास्तरांना बाकावरून ओरडावंसं वाटायचं, पण मधे न बोलण्याचं त्यांनी कबूल केलं होतं.

उपांत्य सामन्यात मध्यंतराला संघ दोन गोलांनी मागे होता. आता ही सगळ्यांची खरडपट्टी काढणार, असं मास्तरांना वाटलं. कपडे बदलायच्या खोलीत तिनं डाव आखायचा सोंगट्यांचा फळा बाकावर ठेवला, काय दिसतंय एवढंच विचारलं आणि दाराला टेकली. मग उजव्या बचावपटूनं सांगितलं, की दोघं दोघं त्याच्या अंगावर येतात आणि पुढचा गडी मदतीला मागे येत नाही. पुढचा चिडला, मागे आलो तर गोल कोण करणार? चांगलीच जुंपली. गोलकीपरनं सोंगट्या हलवल्या, दुसऱ्यानं पुन्हा हलवल्या, आणि शिट्टी व्हायच्या आत त्यांचं त्यांनी ठरवलं.

उत्तरार्धात एकही गोल बसला नाही. एक फेडला. तरी हरलेच.

परतताना मास्तर म्हणाले, "तू ओरडली असतीस तर जिंकलो असतो."

"बाबा, तुम्ही ओरडायचात तेव्हा काय कमी हरलो?"

मास्तरांच्या डोक्यात मध्यंतरात बोललेला तो बचावपटू घोळत होता. त्यांच्या काळी असं बोलायला एकच जण आला होता, डावऱ्या. एका सामन्यात न विचारता जागा सोडून तो पुढे गेला आणि मागून गोल बसला. कारण सांगायला आला, तर मास्तरांनी ऐकून न घेताच त्याला खोलीबाहेर काढलं. पुढे हंगामभर बाकावर बसवलं. त्यानंतर तो मैदानावर फिरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या किल्ल्यांच्या दुकानात गेले. डावऱ्यानं स्टूल पुसून दिलं, लेकीची चौकशी केली. मास्तर स्टुलावर बसले.

"त्या दिवशी तू पुढे का गेलास रे?"

कुठल्या दिवशी, हे त्यानं विचारलं नाही. कानस खाली ठेवली.

"मास्तर, बावीस वर्षं झाली."

"हो. तेव्हाच विचारायला हवं होतं."

डावऱ्यानं कोऱ्या किल्ल्या काउंटरवर मांडल्या. हा मी. हा त्यांचा बचावपटू, पाय ओढत होता. बाहेरून दिसत नव्हतं, मला जवळून दिसलं. म्हणून पुढे सुटलो. मास्तरांना दोनदा मधे बोलावंसं वाटलं, दोन्हीदा त्यांनी स्वतःला आवरलं.

"माझ्या जागी आपला मधला गडी येईल असं वाटलं," तिसरी किल्ली ठेवत डावऱ्या म्हणाला. "त्यालाही कळलं होतं. पण तो तुमच्याकडे बघत थांबला."

दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. डावऱ्यानं त्याला जरा थांबायला सांगितलं. मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा चढवला आणि ती मधल्या गड्याची किल्ली नेमकी कुठं होती, ते त्याला पुन्हा दाखवायला सांगितलं.