मधली भिंत

"रेषा कधी खोटं बोलत नाही," असे सांगून सरांनी फळ्याला टी-स्क्वेअर लावला आणि एक आडवी रेघ ओढली. डावीकडून निघाली तेव्हा रेघ आडवी होती. उजव्या टोकाला पोचेपर्यंत चांगली चार बोटे खाली उतरली होती. सर दोन पावले मागे सरले आणि त्यांनी मान तिरकी करून ती पाहिली.

"फळा वाकडा बसवलाय," ते म्हणाले.

वर्गाने माना डोलावल्या. इमारतींचे नकाशे काढायला शिकवणारा वर्ग होता, तेव्हा फळ्याचे सरांना कळत असणारच. पहिल्या बाकावरच्या थोरलीनेही मान डोलावली आणि लगेच शेजारी पाहिले. शेजारी धाकटी बसली होती. तिचे फळ्याकडे लक्षच नव्हते. कागदाच्या कोपऱ्यात ती नकाशाचे शीर्षक लिहीत होती, आणि ते असे काही टपोरे, एका उंचीचे लिहीत होती की थोरलीच्या हातातल्या पेन्सिलीचे टोक मोडले.

दोघी सख्ख्या जावा. कोर्सची कल्पना मूळ थोरलीची. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती मिळालीही. आठवडाभर ती काखेत ड्रॉइंग-बोर्ड घेऊन एकटीच घराबाहेर पडली. पुढच्या आठवड्यात जेवायला सगळे बसलेले असताना धाकटी म्हणाली, "ताई, मीपण येऊ का? तेवढीच तुम्हाला सोबत."

सोबत मागितली होती कुणी? पण चारचौघांत विचारल्यावर 'ये की' यापलीकडे उत्तर नसते. थोरली "ये की" म्हणाली आणि तिने भाताचा घास पाण्याबरोबर गिळला.

पुढे व्हायचे तेच झाले. सर धाकटीचा कागद उचलून वर्गाला दाखवू लागले. "छोट्या बाईंचा बाण बघा. मापाच्या रेघेच्या टोकाला कसा भरीव, टोकदार! नाहीतर तुमचे बाण. कावळ्याचे पाय नुसते." दोघींना वेगळे ओळखायचे म्हणून सर एकीला मोठ्या बाई म्हणत, दुसरीला छोट्या बाई. मोठ्या बाईंचे कौतुक त्यांनी एकदाच केले होते. "मोठ्या बाई रोज वेळेवर येतात," असे ते म्हणाले होते. धाकटी त्यांच्याबरोबरच येत असे, हे मात्र सरांनी लक्षात घेतले नव्हते.

एकदा सर सगळ्यांना एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात घेऊन गेले. हे इंजिनिअर दर बॅचमधून एकाला कामावर ठेवून घेत. आत टेबलांची रांग होती आणि शेवटच्या टेबलाजवळ, खिडकीपाशी, एक खुर्ची रिकामी होती. थोरलीने ती खुर्ची दारातूनच पाहिली. खिडकीतून डाव्या हाताला उजेड येत होता, म्हणजे रेघेवर हाताची सावली पडणार नव्हती. सकाळी डबा भरायचा, सगळ्यांच्या आधी निघायचे आणि इथे येऊन बसायचे. 'अगं, जरा हे बघ' म्हणणारे इथे कुणी नाही. मनातल्या मनात तिने टेबलावर आपला चष्मासुद्धा ठेवून पाहिला.

"अय्या, किती छान उजेड!" धाकटी म्हणाली, आणि जाऊन त्या खुर्चीत बसली. नुसती बसली नाही, एक गिरकीही घेतली.

त्या दिवशी थोरलीने घरी येऊन सगळी भांडी पुन्हा घासली.

तसे पाहिले तर दुखणे जुनेच होते. घरात दोन खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. डावीकडची थोरल्या जोडप्याची, उजवीकडची धाकट्यांची. धाकटीचे लग्न झाले तेव्हा तिला मोठी खोली दिली गेली, ही गोष्ट थोरलीला सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ दिसत होती. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणत, "दोन्ही सारख्याच आहेत गं." सासू 'सारख्याच' म्हणाली की काय समजायचे, हे सुनेला सांगावे लागत नाही.

"अहो, त्यांची खोली मोठी आहे," ती नवऱ्याला म्हणे.

"असू दे की."

"असू दे काय?"

"झोपायचंच ना तिथे? झोपेत कोण मोजतंय?"

हा गृहस्थ उशीला डोके टेकवताच घोरू लागे. थोरली मात्र डोळे उघडे ठेवून भिंतीकडे पाहत राही. भिंत तिच्याकडे सरकलेली होती. रोज थोडी अधिक.

शेवटचे काम सरांनी दिले ते ऐकून थोरलीला वाटले, देव आहे. प्रत्येकाने आपापले राहते घर टेपने मोजून त्याचा नकाशा काढायचा. ज्याचा नकाशा सर्वांत बिनचूक, त्याचे नाव इंजिनिअरकडे जाणार. शिवाय सगळे नकाशे हॉलमध्ये लावणार, बघायला घरच्यांना बोलावणार.

"तुम्ही दोघी एकाच घरातल्या," सर म्हणाले. "पण नकाशे वेगवेगळे हवेत. एकमेकींच्या कागदात डोकवायचं नाही. आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा. आधी कॉलम, मग वरचे बीम तुटक रेघांनी, आणि भिंती शेवटी. भिंत बरोबर बीमखाली आली की तुटक रेघ तिच्यात झाकली जाते. नाही झाकली, तर समजा, कुठेतरी माती खाल्लीत."

मागच्या बाकावरून मोठी जांभई ऐकू आली. हा वर्गातला एक अविवाहित तरुण. त्याला सगळे जांभईच म्हणत. सरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. पहिल्या दिवसापासून ते हेच करत आले होते.

घरी धाकटी म्हणाली, "ताई, मी धरू का टेपचं दुसरं टोक? एकटीला जड जाईल."

"नको गं, मला सवय आहे," थोरली म्हणाली. टेप हातात धरून तिला फार तर दोन महिने झाले होते. पण दुसरे टोक धाकटीच्या हातात म्हटल्यावर ते कुठे टेकेल याचा काय भरवसा?

धाकटी सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडे गेली, तेव्हा थोरलीने कडी सरकवली आणि धाकटीच्या खोलीत शिरली. टेपचे टोक एका भिंतीच्या कोपऱ्यात अडकवून ती सरपटत दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. तीन मीटर तीस.

मग ती आपल्या खोलीत आली. पलंग ओढला, कपाटामागे हात घातला. तिथे खाली, भिंतीच्या कडेला, पेन्सिलीची एक बारीक खूण आधीपासूनच होती, टोकाला नाजूक भरीव बाण काढलेली. रंगाऱ्याची असेल, असे समजून तिने तिच्यावरच टेप टेकवला.

तीन मीटर तीस.

थोरली जमिनीवरच बसली. मग उठून तिने धाकटीची खोली पुन्हा मोजली. खिडकीच्या बाजूने मोजली, दाराच्या बाजूने मोजली, एकदा तर टेप उलटा धरून मोजली. आकडा काही हलेना. इतक्या वर्षांचे उसासे, सासूबाईंना लागावेत म्हणून मारलेले टोमणे, नवऱ्याशी धरलेले अबोले, सगळे त्या पिवळ्या पट्टीवर उताणे पडले होते. एखाद्याची पिढीजात जमीन एका सहीत जावी, तसे तिचे झाले. माणसाने मग मत्सर तरी कशाच्या आधाराने करायचा?

कॉलम आणि बीम तिने इमानाने काढले. काळ्या शाईच्या बारीक तुटक रेघा, जिथल्या तिथे. भिंतींची वेळ आली तेव्हा तिला हॉल दिसला, तिथे नकाशासमोर चष्मा पुसत उभ्या असलेल्या सासूबाई दिसल्या. 'बघ, मी म्हणत नव्हते, सारख्याच आहेत!' आणि शेजारी धाकटी, ओठ दाबून हसणारी.

एकास पन्नासच्या प्रमाणात पंधरा सेंटिमीटर म्हणजे कागदावर तीन मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे काय? काडेपेटीतल्या दोन काड्या शेजारी ठेवल्या तर तेवढे होते. थोरलीने मधली भिंत तीन मिलिमीटर आपल्या खोलीत सरकवली आणि जाड रेघांनी पक्की केली. स्वतःच्या खोलीत आकडा लिहिला तीन पंधरा, धाकटीच्या खोलीत तीन पंचेचाळीस. भिंतीची जाडी धरून बेरीज तंतोतंत जुळत होती. बीमची तुटक रेघ तेवढी भिंतीतून बाहेर डोकावत राहिली, पण ती बारीक होती, आणि सरांचे डोळे काही फार चांगले नव्हते. ते त्यांच्या फळ्यावरूनच कळत होते.

नकाशा गुंडाळताना तिला खूप दिवसांनी शांत वाटले. खिडकीजवळची खुर्ची तिला अजूनही हवी होती. पण आता आपण अन्याय सोसून ती मिळवणार, हा विचार अधिक गोड होता.

सरांना एकाच घराचे दोन नकाशे तपासायचा कंटाळा होता. त्यांनी दोघींना काचेच्या टेबलाजवळ बोलावले आणि खालचा दिवा लावला.

"ट्रेसिंग पेपरच आहेत, एकावर एक ठेवून एका दमात बघून टाकू," ते म्हणाले, आणि थोरलीच्या नकाशावर त्यांनी धाकटीचा नकाशा अंथरला.

बाहेरच्या भिंती जुळल्या. दारे जुळली, खिडक्या जुळल्या, जिना पायरीला पायरी जुळला. सरांचा चेहरा फुलत गेला. मग त्यांचे बोट मध्यावर आले आणि थांबले.

"हे काय?"

घराला दोन मधल्या भिंती होत्या. एक डावीकडच्या खोलीत सरकलेली, दुसरी उजवीकडच्या, आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट.

"मध्ये बोळ आहे का तुमच्या घरात?" सरांनी विचारले.

थोरली वाकून वरच्या नकाशातले आकडे वाचत होती. टपोऱ्या, एका उंचीच्या अक्षरांत धाकटीने थोरलीच्या खोलीत लिहिले होते, तीन चाळीस. स्वतःच्या खोलीत, तीन वीस. आकड्यांच्या दोन्ही टोकांना नाजूक भरीव बाण होते. थोरलीला एकदम कपाटामागची खूण आठवली. म्हणजे हिनेही कधीतरी घरात कुणी नसताना थोरलीचा पलंग ओढला होता. हीसुद्धा रात्री पलीकडून त्याच भिंतीकडे बघत पडत होती तर.

थोरलीने पुन्हा आकडे पाहिले. धाकटीने भिंत दोनच मिलिमीटर हलवली होती. इथेही ती एका मिलिमीटरने चांगली निघाली.

"बीम बघा," सर म्हणाले. दोघींच्या तुटक रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकीच्याच हातच्या वाटाव्यात, आणि त्यांच्याखाली धड कुणाचीच भिंत नव्हती. "बीम दोघींचा बरोबर. भिंत कुणाची बरोबर?"

"हिची असेल, सर," थोरली म्हणाली. "मोजायला हिचा हात चांगला आहे."

"छे, ताईंचीच असेल," धाकटी घाईघाईने म्हणाली. "माझाच टेप सैल पडला असेल."

"बीमचं तुमच्या भिंतीला ओझं व्हायला नको म्हणून बाजूला सरकवली की काय तिला?" सर म्हणाले. ते स्वतःच हसले आणि लगेच गंभीर झाले. "बाई, भिंत एका जागी असते हो. चालत नाही ती." त्यांनी खालचा दिवा बंद केला. दोन्ही कागद पांढरे झाले. "हॉलमध्ये लावता येणार नाहीत हे. घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

परतताना दोघी नेहमीसारख्या बरोबर चालत होत्या. दोघींच्या काखेत बोर्ड होते आणि ते एकमेकांवर आपटत होते. कोपरा वळल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीत उजेड जास्त येतो पण."

थोरलीने तिच्याकडे पाहिले. धाकटीचे कान लाल झाले होते.

"आणि वारा?" थोरली म्हणाली. "वारा सगळा तुमच्याकडे."

"कुठे हो! पडदा हलत नाही."

"मग ये एकदा दुपारची, माझ्याकडे बसून बघ कसं भट्टीत बसल्यासारखं होतं ते."

"येते. तुम्हीपण या."

घर येईपर्यंत हे चालले. सासूबाईंनी दार उघडले आणि विचारले, "झाला का गं नकाशा? काय निघालं?"

"सारख्याच आहेत," दोघी एकदम म्हणाल्या, आणि आपापल्या खोल्यांत गेल्या.

खिडकीजवळची खुर्ची जांभईला मिळाली. त्याच्या नकाशात एकही चूक निघाली नाही. तो भाड्याने राहत होता आणि त्याला एकच खोली होती.