त्रेपन्न सभासद

दसऱ्यानंतर कौशल्याबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली, तेव्हापासून शिवकन्येने आईला पाहिलं नव्हतं. टोळी दौंडच्या पलीकडे होती. बीडच्या कॉलेजात केस स्पर्धेची, म्हणजे एखाद्या संस्थेची अडचण कागदावर देऊन तोडगा विचारायच्या स्पर्धेची, फेरी लागली आणि जिंकणाऱ्या जोडीला अंतिम फेरीसाठी कॉलेजच्या खर्चाने पुण्याला नेणार असं कळलं, तेव्हा तिने आधी एसटीचं वेळापत्रक पाहिलं. पुण्याहून दौंड फार लांब नव्हतं. अंतिम फेरी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, दुपारी आईजवळ.

तिचा जोडीदार मन्मथ दिंद्रुडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. बोलण्यात तरबेज. आकडे हिचे, बोलणं त्याचं, असं ठरलेलं.

हातात केस पडली ती एका दूध संस्थेची. गावाचं नाव दिलेलं नव्हतं. ऐंशी सभासद, त्यातले त्रेपन्न 'अनियमित'. वर्षातले पाच महिने दूधच घालत नाहीत. संस्था कशी वाचवाल? उत्तरासाठी तीन तास.

"सोपं हाय," मन्मथ म्हणाला. "त्रेपन्न जणांना काढायचं, मोठ्या गोठ्यांचं दूध घ्यायचं."

शिवकन्या चौथ्या पानावरचा तक्ता बघत होती. दूध बंद होतं नोव्हेंबरात, सुरू होतं एप्रिलात. तिन्ही वर्षी तसंच. आई जाताना गाय पाली गावात मामाच्या दावणीला बांधून जायची, ती याच दिवसांत.

"मन्मथ, हे ऊसतोडीला जातात."

"मला कळत न्हाई व्हय? पण नियम वाच की. केसबाहेरची माहिती सांगितली की जोडी बाद. पुण्याला जायचंय का न्हाई तुला?"

"लई जायचंय."

"मंग तोंड मिटून आकडे सांग."

तिने पहिल्या पानावरचे पावसाचे आकडे चौथ्या पानाशेजारी मांडले. पाऊस कमी झाला त्या वर्षी खंड पाडणारे एकतीसचे चव्वेचाळीस झाले. दुष्काळ पडला त्या वर्षी त्रेपन्न. सगळे एकाच पंधरवड्यात थांबले, एकाच पंधरवड्यात परतले. लोक मनाने बेइमान झाले असते तर कोणी जूनमध्ये थांबलं असतं, कोणी ऑगस्टमध्ये. एवढं सगळं केसमध्येच होतं.

मन्मथने ते छान मांडलं. या सभासदांना काढू नका, पाच महिन्यांची सुट्टी गृहीत धरून संस्था चालवा, असं त्यांचं उत्तर. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई पुढे झुकून ऐकत होत्या. अख्ख्या दिवसात हे कोणी दाखवलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शिवकन्येला विचारलं, "पण पाच महिने ही माणसं असतात कुठे?"

"केसमध्ये दिलेलं नाही, मॅडम."

"बरोबर." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "कारण माहीत नसेल तर ते पुढच्या वर्षी परततील याची खात्री कशी देणार? मग काढलेलेच बरे ना?"

मन्मथने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. तिला फक्त 'हो' म्हणायचं होतं. किंवा गप्प बसायचं होतं.

"परत येतात, मॅडम," ती म्हणाली. "ऊस तोडायला जातात. घर इथंच असतं. जनावर कुणाच्या तरी दावणीला बांधून जातात. माझी आई आत्ता तिथंच आहे."

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मला हे कळायला हवं होतं. पण नियम नियम आहे, बाळ."

बाहेर आल्यावर मन्मथ चिडला होता. "तुझ्यासारखी वेडी न्हाई बघितली बे!" मग दोन चहा घेऊन आला आणि शेजारी बसला. "लाव फोन आईला."

फोन टोळीतल्या गहिनीनाथाकडे होता. हाका मारत त्याने तो उसाच्या फडात नेला. पाचटाची, उसाच्या वाळक्या पानांची, खसखस ऐकू आली, मग आईचा दम लागलेला आवाज.

"कवा येतीस गं? मुकादमाला सांगून ठेवलंय, एक रोज सुट्टी दे म्हणून. ऱ्हायच्या कोपीपुढं सारवून घेतलंय."

"आये, या खेपेला न्हाई जमायचं."

"कावून?"

"दुसऱ्यांना नेलं."

पलीकडे कोणीतरी मोळी उचलायला हाक मारली. कौशल्याबाई म्हणाली, "असू दे. जेवलीस का?"

"जेवले."

"मंग ठेव, गाडी भरायचीय," ती म्हणाली. पण फोन तिनेही ठेवला नाही. शिवकन्या कान लावून पाचट वाजताना ऐकत राहिली.